वीज नसताना लिफ्ट

ब्युनोस आयर्समधून जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, दोन गोष्टी हमखास जातात, वीज आणि मनाचे डॉक्टर. नेलिदाचे डॉक्टर सुट्टीला समुद्रावर गेले. जाताना त्यांनी तिची उदासीची जुनी गोळी बंद केली, नवी लिहून दिली आणि मधे थोडे दिवस काहीच घेऊ नका म्हणाले.

जुनी गोळी अंगातून उतरायला लागली आणि नेलिदाचं तंत्रच बिघडलं. मळमळ, घाम. साबणावरचा कागद वाचूनसुद्धा रडू यायचं. आणि झटके! नजर जरा बाजूला वळवली की डोक्यात चर्रकन करंट.

"व्हायचंच ते," डॉक्टर फोनवर म्हणाले. मागे लाटा, आणि आइस्क्रीमवाला बोंबलतोय. "आता नवी सुरू करा, कमी होतील. तोवर डोळे गरागरा फिरवू नका."

दुसऱ्या मजल्यावरची बेबा जिना चढून धापा टाकत आली. "सगळी बिल्डिंग अंधारात आणि करंट हिच्या एकटीच्या डोक्यात! माझा फ्रिज तुलाच जोडते, नेली. मटण सडायला लागलंय."

नेलिदा हसली. हसता हसता नजर जिन्याकडे वळली. चर्र. आणि जिन्यालगतच्या जाळीमागे बंद लिफ्टचा दोर हलला.

मागच्या जानेवारीत अशीच वीज गेली तेव्हा तिचा नवरा ओस्वाल्दो या लिफ्टमध्ये अडकला होता. पाचव्या मजल्यावरून जाळीला तोंड लावून ती त्याच्याशी बोलत राहिली. आधी तो उत्तरं देत होता, वीज कंपनीच्या सात पिढ्या काढत होता. मग ती एकटीच बोलत होती.

बेबा गेल्यावर नेलिदाने जाळीपाशी खुर्ची टाकली. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. प्रत्येक झटक्याला दोर वीतभर वर सरकला.

नव्या गोळीचं पाकीट तसंच राहिलं.

"अगं, लिफ्ट माझ्या दारात अडकली होती," बेबा दुसऱ्या दिवशी म्हणाली. "आज वर कशी? वीज आली होती?"

"नाही."

"मग?"

"मला काय विचारतेस?"

"गोळी सुरू केलीस?"

"उद्या."

"कालही उद्याच म्हणालीस. अवतार बघ काय झालाय!"

नेलिदाला आता उभं राहवत नव्हतं. पोटात पाणी ठरत नव्हतं. पण जाळीतून लिफ्टचं छप्पर दिसू लागलं होतं.

"ओस्वाल्दो?"

खाली कुणीतरी घसा खाकरला.

तिने जोरात मान फिरवली. मग पुन्हा. डोळ्यांपुढे अंधारी आली.

बेबाला ती फरशीवर पडलेली सापडली. बेबाने डॉक्टरांना फोन लावला, आणि मग तिचं डोकं मांडीवर घेऊन नवी गोळी तिच्या जिभेवर ठेवली. "गीळ. नाटकं पुरे."

"थोडंच राहिलंय गं."

"काय राहिलंय?"

नेलिदाने गोळी गिळली.

झटके विरत गेले. ती रोज जाळीपाशी बसून डोळे फिरवायची. डोकं शांत. दोर शांत.

मग एका दुपारी वीज आली. बाल्कन्यांमधून टाळ्या वाजल्या. लिफ्ट उरलेलं अंतर चढून वर आली आणि थांबली.

नेलिदाने दार ओढलं.

आत कुणी नव्हतं.

मागच्या आरशावर वाफ धरली होती. खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर.

ती बघत असतानाच वाफ विरून गेली.