दुसरी तार

ही गोष्ट घडलेली आहे. कुणी रंगवून सांगितलेली नाही.

ज्याच्यावर ती गुदरली, त्या निंबा भोळेनं ती फार थोड्यांना सांगितली. सांगतानाही तो दाराकडे तोंड करून बसायचा.

साल १९५७. गाव भुसावळ. दिवस उत्तम शुक्रवार, म्हणजे ख्रिस्ती लोक येशूच्या मरणाची आठवण करतात तो.

आणि रात्र नव्हती.

भर दुपार होती. खानदेशातली एप्रिलची दुपार... रस्त्यावर चिटपाखरू नाही, पत्रे तापून तडतडताहेत, आपलीच सावली पायाखाली लपलेली. जुनी माणसं उगीच सांगत नाहीत, अशा वेळी एकट्यानं बाहेर फिरू नये म्हणून.

निंबा रेल्वेच्या तारखात्यात लाइनमन होता. मूळ गाव यावलकडचं. खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची, हे त्याचं रोजचं काम. भित्रा नव्हता. सापाच्या अंगावरून पाय टाकून गेलेला गडी.

त्याची बायको बेबाबाई मिशनच्या टीबीच्या दवाखान्यात होती. दवाखाना गावाबाहेर, नाल्यापलीकडे, केळीच्या मळ्यांना लागून. त्या काळी या रोगाचं नाव निघालं की सख्खे तोंड फिरवायचे. निंबाच्या भावांनी त्याच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं होतं. बेबाबाईच्या खाटेजवळ येऊन बसणारा परका माणूस एकच. पाद्री शमुवेल गावित. धुळ्याकडचे, साक्री भागातले. दर आठवड्याला यायचे, तिच्या घरचं विचारायचे, निघताना डोक्यावर हात ठेवायचे.

म्हणून पाद्रीसाहेबांनी काम सांगितलं तेव्हा निंबाला नाही म्हणवेना.

"निंबाभाऊ, चर्चमधून दवाखान्यात एक तार जाते," ते म्हणाले. "बायांच्या वॉर्डात कर्णा आहे. ज्यांना उठवत नाही त्या पडल्या पडल्या भक्ती ऐकतात, प्रार्थना, गाणी सगळं. गेल्या उत्तम शुक्रवारी ऐन गाण्यात तार मुकी झाली. यंदा मला दुसरी हवी. पहिली गेली तर दुसरी."

लढाईतले दोन जुने टेलिफोन त्यांनी भंगारवाल्याकडून मिळवले होते. लाकडी पेटी, बाजूला फिरवायची दांडी. इकडे दांडी फिरवली की तिकडे घंटी वाजते. नाही फिरवली तर वाजत नाही. इतकं साधं यंत्र.

एक पेटी चर्चमध्ये, वेदीमागच्या खोलीत. दुसरी वॉर्डात. कर्णा बंद पडला तर नर्सनं टेलिफोन उचलायचा आणि ऐकायचा भाग पितळी घंगाळात ठेवायचा. आवाज घुमतो, जवळच्या खाटांना ऐकू जातं. ही युक्ती निंबाची.

सुटीच्या दिवशी त्यानं मळ्याच्या बांधानं तार ओढली. गुरुवारी दुपारी काम संपत आलं. चर्चमधली पेटी बसवून झाली होती. वॉर्डातली अजून त्याच्या पिशवीत, पायाशी होती. तारेची पलीकडची टोकं दवाखान्याच्या खांबावर तशीच उघडी बांधून आला होता.

चर्च रिकामं होतं. निंबा पेचकस पुसत होता.

आणि घंटी वाजली...

त्यानं पिशवीकडे पाहिलं. दुसरी पेटी तिच्यातच होती.

घंटी पुन्हा वाजली. लांब. कुणीतरी सावकाश, दमादमानं दांडी फिरवत असल्यासारखी.

एखाद्या पोरानं तार दुसऱ्या तारेला लावली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि टेलिफोन कानाला लावला.

आधी काहीच नाही.

मग... श्वास.

तो श्वास निंबाला ओळखीचा होता. वॉर्डात तो रोज ऐकायचा. छातीत खरखर, मध्येच अडकणारा, पुन्हा कसाबसा ओढलेला.

"कोन बोलतंय?" त्यानं विचारलं.

एक बाई गुणगुणू लागली. म्हाताऱ्या गळ्याची. एकच ओळ, आणि पुढे येऊन थांबायची. पुन्हा तीच ओळ. पुन्हा थांबायची.

मग अगदी कानाजवळ, हळू आवाज आला.

"पुढलं कडवं म्हना ना... बाकी शे."

निंबाच्या हातून टेलिफोन सुटला. 'शे' म्हणणारं माणूस त्याच्या भागातलं नव्हे. यावल-भुसावळकडे 'हाये' म्हणतात. 'शे' धुळ्याकडची बोली.

तो सायकल हाणत दवाखान्याच्या खांबापाशी गेला. तारेची दोन्ही टोकं उघडीच होती. गाठ त्याचीच होती, त्यानं मारली तशी. आसपास माणूस नाही. केळीची पानंसुद्धा हलत नव्हती.

वॉर्डात आला तेव्हा त्याचा सदरा घामानं चिकटला होता. कोपऱ्यातल्या खाटेवर बेबाबाई पडली होती. आठवड्यापूर्वीच तिला तिथं हलवलं होतं, खिडकीचा वारा लागावा म्हणून. निंबानं पेटी तिच्या उशाच्या फळीवर ठेवली आणि तार आत घेऊ लागला.

"तिथं नको, निंबाभाऊ," मागून आवाज आला. कुंदाबाई होत्या. वॉर्डाच्या मोठ्या नर्स, चर्चमधल्याच.

"कायले? तार याच खिडकीतून येते."

कुंदाबाईंनी त्याला व्हरांड्यात नेलं.

"ती खाट भिकुबाईंची होती," त्या म्हणाल्या. "बायबलबाई होत्या आमच्या, घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवायच्या. साक्रीकडच्या. चर्चमध्ये वर्षानुवर्षं गाणं त्याच धरायच्या, त्यांनी सूर लावला की मग बाकीचे. गेल्या उत्तम शुक्रवारी क्रुसाचं गाणं चालू असताना कर्णा बंद पडला. त्या उठून बसल्या. मला म्हणाल्या, पुढलं कडवं म्हना. मला येत नव्हतं ते. सारखं तेच म्हणत राहिल्या. पुढलं कडवं म्हना, पुढलं कडवं म्हना. दिवस मावळायच्या आत गेल्या."



त्यानं खांबाचं, घंटीचं, सगळं सांगितलं. कुंदाबाई एवढंच म्हणाल्या, "दुसरी खाट रिकामी नाही हो."

तारा जोडून झाल्यावर संध्याकाळी त्यानं पाद्रीसाहेबांना गाठलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"गाणं आम्ही त्या दिवशी पूर्ण म्हटलं होतं," ते म्हणाले. "तिथं पोहोचलं नाही हे मला उशिरा कळलं. तुम्हाला भीती वाटत असेल तर तार काढून टाका. मी रागावणार नाही. पण त्या बाया वर्षभर वाट बघतात."

निंबानं ते बेबाबाईवर सोडलं. तिला घाबरवायचं नव्हतं, म्हणून नुसतंच म्हणाला, "उद्या तुले बाहेर व्हरांड्यात निजवू का? कर्ण्याचा लई आवाज व्हतो."

"नही," ती म्हणाली. "मले आयकायचं हाये. एवढंच तं येते इथं बाहेरून."

शुक्रवारी बारा वाजता भक्ती सुरू झाली. चर्च भरलेलं, दारंखिडक्या उघड्या, तरी हवा नाही. निंबा वेदीमागच्या खोलीत बसला होता. समोर पहिल्या तारेचं यंत्र, त्यावर लहानसा हिरवा दिवा. बाजूला टेलिफोनची पेटी.

पाद्रीसाहेबांचा आवाज शांत होता. येशू क्रुसावरून जे बोलला ते एकेक वाक्य वाचत होते. दिवा जळत होता. निंबाला वाटलं, निभावलं.

मग क्रुसाचं गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.

आणि हिरवा दिवा... विझला.

निंबानं तारा हलवल्या, यंत्रावर थाप मारली. काही नाही. त्यानं टेलिफोनची दांडी फिरवली. ठरल्याप्रमाणे कुंदाबाई बोलायला हव्या होत्या.

पलीकडे उचललं गेलं.

"कुंदाबाई, कर्णा बंद पडला. घंगाळात ठेवा."



फक्त... तो श्वास.

बाहेर लोक तिसरं कडवं म्हणायला दम घेत होते. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघण्याआधीच तो निंबाच्या कानात वाजला.

टेलिफोनमधली बाई पुढे होती. चर्च मागे. तिनं ओळ म्हणायची आणि मग बाहेरच्या सगळ्या माणसांनी तीच ओळ म्हणायची. जणू सूर तिनंच धरला होता आणि चर्च तिच्या मागून चाललं होतं.



आणि मग तिच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. बारीक. थकलेला.

बेबाबाईचा.

बेबाबाईला ते गाणं येत नव्हतं. आदल्या वर्षी ती या दवाखान्यात नव्हतीच. तरी ती शब्द न चुकता म्हणत होती, म्हातारीच्या बरोबरीनं, कुणी हात धरून नेल्यासारखी.

"बेबा," निंबा ओरडला. "बेबा, थांब."

गाणं थांबलं नाही. पण बेबाबाईचा श्वास आता त्या दुसऱ्या श्वासासारखाच खरखरू लागला होता. कोणता कुणाचा, ओळखू येईना.

त्यानं तार मुठीत धरली. एक हिसका दिला की तुटली असती. सगळं बंद.

तो हिसका त्याच्याच्यानं देववला नाही. गेल्या वर्षी गाणं अर्धं तुटलं आणि बाई बसून राहिली. आज पुन्हा तुटलं तर? तिच्या शेजारी आज माझी बायको आहे...

त्यानं टेलिफोन उचलला, खोलीचं दार उघडलं आणि दोर पुरेल तिथवर जाऊन बोलायचा भाग चर्चच्या दिशेनं धरला. दोन्ही हातांनी. लोक वळून बघू लागले. पाद्रीसाहेबांनी पाहिलं. त्यांना काय कळायचं ते कळलं. त्यांनी हात वर करून आवाज चढवला आणि सगळं चर्च मोठ्यानं गाऊ लागलं.

शेवटच्या कडव्यापर्यंत निंबा तसाच उभा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

गाणं संपलं. त्यानं टेलिफोन कानाला लावला.

श्वास नव्हता.

एकाचाही नव्हता.

सायकलीवर तो दवाखान्यापर्यंत कसा पोचला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. दुपारची लू तोंडावर भाजत होती. फाटकातूनच त्याला दिसलं. वॉर्डातल्या सगळ्या बाया व्हरांड्यात होत्या. ज्यांना उठवत नव्हतं त्यासुद्धा. एकमेकींना धरून, भिंतीला टेकून.

कुंदाबाई पायरीवर उभ्या होत्या.

"फोन कोनी उचलला?" निंबानं विचारलं.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही काल सांगितलंत, माझा धीर झाला नाही. सकाळीच तारा सोडून पेटी कपाटात टाकली. कुलूप लावून. किल्ली ही बघा."

"मंग गाणं?"

"कर्णा बंद पडला. वॉर्ड एकदम शांत. आणि कोपऱ्यातून गाणं आलं. तुमच्या बेबाबाई म्हणत होत्या... त्यांच्याबरोबर आणखी एक बाई. तो आवाज मी तीस वर्षं ऐकलाय, निंबाभाऊ."

"बेबा कोठी हाये?"

कुंदाबाईंनी दाराकडे पाहिलं. "आम्ही हाका मारल्या. त्या आल्या नाहीत."

निंबा एकटाच आत गेला.

रिकाम्या खाटांच्या रांगा. चुरगळलेल्या चादरी. कोपऱ्यात बेबाबाई. खाटेच्या अगदी कडेला, लोखंडी पट्टीवर अंग टाकून, पडेल की काय अशी. डोळे मिटलेले. अर्धी खाट मोकळी.

त्यानं तिच्या नाकापाशी हात धरला.

श्वास चालू होता. मोकळा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मोकळा.

तो खाटेच्या मोकळ्या भागावर बसायला गेला, तशी तिनं डोळे न उघडता त्याचा हात धरला.

"तठी नका बसू," ती म्हणाली.

दिवाळीच्या आत बेबाबाई बरी झाली. डॉक्टरांनाही नवल वाटलं. पाद्रीसाहेबांनी दुसरी तार स्वतःच्या हातानं गुंडाळली आणि पुन्हा कधी लावली नाही. पुढे त्यांची बदली धुळ्याला झाली. जाताना निंबाला भेटायला आले, पण त्या दिवसाबद्दल दोघंही बोलले नाहीत.

बेबाबाई रेल्वेच्या क्वार्टरमध्ये परत आली. स्वयंपाक करू लागली, शेजारणींशी हसू लागली. सगळं पहिल्यासारखं.

फक्त झोपताना ती अंथरुणाच्या कडेला झोपायची. अगदी कडेला. थंडीतही, मोठं अंथरूण असलं तरीही.

बरेच दिवस निंबानं विचारलं नाही. एकदा दुपारी ती जराशी आडवी झाली होती, तशीच, भिंतीकडची बाजू मोकळी सोडून. त्याला राहवलं नाही.

"त्या दिवशी काय झालं व्हतं वं?"



"एक म्हातारी आली," ती म्हणाली. "चांगली व्हती. म्हने, जरा सरक, माले बसू दे, आयकू दे. मी सरकली. जागा देली तिले."

"मंग? गाणं झाल्यावर गेली ना ती?"

बेबाबाईनं मान वळवून मोकळ्या बाजूकडे पाहिलं. मग हळूच त्याच्याकडे.

"उठताना तं नही पाह्यलं मी," ती म्हणाली.