थाळी ऐकल्याशिवाय हलू नको

तस्नीम आईला न्यायला आली होती, एवढंच. अलिबागहून रेवदंड्याला यायचं, अम्मीची बोचकी बांधायची, रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला रिक्षात घालून परत जायचं. बरोबर कपड्यांची एक पिशवी आणि लॅपटॉप. अलिबागला तिचा कंप्युटरचा क्लास होता. बाकी बायकांच्या खांद्याला पर्स असते तसा तिच्या खांद्याला लॅपटॉप.

न्यायचं कारण गावाला माहीत होतं. मागच्या आठवड्यात पहाटेच्या धुक्यात तिची अम्मी हुस्नबानू खाडीच्या चिखलात कमरेइतकी रुतलेली सापडली. एका हातात पितळेची थाळी, दुसऱ्यात लाटणं, आणि भरती चढत होती. रिक्षावाल्या वहाबनं दोर टाकून तिला ओढली. तर ही बाई वर आल्यावर आभार मानायचे सोडून त्याच्यावरच खेकसली, "माझं लाटणं पडलं ना मेल्या!"

गाव तिला खुळी म्हणायचं. म्हणेना का! गावाच्या जिभेला हाड नसतं आणि डोळ्यांना धीर नसतो. पण ती खुळी नव्हती, आणि तेच सांगायला बसले आहे.

तिथं लहान होडीवाल्यांच्या घरात एक रीत होती. धुकं पडून खाडीचं तोंड दिसेनासं झालं की होडी जिथं असेल तिथं नांगर टाकायचा, हलायचं नाही. घरची बाई काठावर जाऊन थाळी वाजवणार. प्रत्येक घराचा ठोका वेगळा. हुस्नबानूचा दोन आणि एक. कुंपणापलीकडच्या जनी कोळणीचा एक आणि तीन. होडीतल्या माणसानं आपला ठोका ओळखायचा, वल्हं होडीच्या काठावर आपटून तोच परत द्यायचा, आणि मगच आवाजाच्या रोखानं निघायचं.

तस्नीम लहान असताना एका हिवाळ्यात तिचा मोठा भाऊ दानियाल आणि जनीचा जीवन एकाच होडीतून गेले आणि धुकं पडलं. दोन्ही आया शेजारी शेजारी उभ्या राहून ऊन चढेपर्यंत थाळ्या बडवत राहिल्या. उत्तर आलं नाही. होडीची फळीसुद्धा मिळाली नाही. पुढे जनी झुरून मेली, तिच्या दाराला कुलूप लागलं. हुस्नबानू मात्र धुकं पडलं की निघायची. मौलवीसाहेबांनी कितीदा समजावलं, मय्यत हाती नसली तरी गायबाना नमाज पढता येते, पोराला मोकळं करा. ती एकच सांगायची, "मेलेल्याची पढतात. माझा उभा हाय."

"कुठं उभा हाय, अम्मी?" त्या संध्याकाळी तस्नीमनं तिला थेट विचारलं.

"धुकं पडलं तिथं. मीच शिकवलंय त्याला, थाळी ऐकल्याशिवाय हलू नको म्हणून. ऐकणारा पोर हाय माझा. तुझ्यासारखा नाय."

"आणि परवा वहाब नसता तर?"

"तर खाडीतच भेट झाली असती आमची."

अम्मी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, उठल्यावर तस्नीमनं थाळी उचलली आणि तांदळाच्या पिंपात खोल खुपसून ठेवली. उद्याची सकाळ तेवढी निभावली की झालं.

मग तिचं लक्ष पोटमाळ्याकडे गेलं. तिथं चादरीखाली जुना कंप्युटर होता. अब्बांनी कुवेतहून पाठवलेला, मोहल्ल्यातला पहिला. दानियाल त्यावर एकच खेळ खेळायचा. त्या खेळात एक अख्खं बेट होतं, गावं, डोंगर, दलदली, आणि कुठंही जायची मुभा. रस्ता सोड, नदीत उतर, कुणाच्याही घरात शिर, कोण अडवत नाही. आताच्या खेळात डोक्यावर बाण नाचतो, इकडे जा, तिकडे जा. माणसाला बैल समजतात मेले. त्या खेळात तसलं काही नव्हतं. गावातला म्हातारा एकदाच सांगायचा, ओढ्याला फाटा फुटला की डावीकडे, पुढे दोन खडक. ते ध्यानात ठेवायचं आणि चालायचं. दानियालला इंग्रजी वाचता येत नसे. तस्नीम शेजारी बसून वाचायची, तो चालायचा. ती डोळे, तो पाय.

कंप्युटर अशक्त होता, दूरचं काही दाखवू शकत नसे. म्हणून त्या बेटावर कायम धुकं. हाताच्या अंतरापलीकडे सगळं पांढरं. दानियाल पाणी प्यायला उठला की खेळ तस्नीमच्या हाती यायचा, ती हटकून वाट चुकायची आणि रडकुंडीला यायची. स्वयंपाकघरातून तो ओरडायचा, "तिथंच उभी राहा गो! हलू नको. मी येतो."

अलीकडे तिनं तोच खेळ नव्यानं विकत घेतला होता. वडापावाच्या भावात मिळतात आता हे जुने खेळ. रविवारी दुपारी ती खेळायची. लहानपणी ज्यांना बघून भीती वाटायची ती माणसं आता लाकडाच्या बाहुल्यांसारखी दिसायची, हातांच्या जागी बटाटे. तरी चालायला लागलं की छातीत काहीतरी हलायचं.

पोटमाळ्यावरून तिनं जुन्या यंत्रातली डिस्क काढली आणि वायरीनं लॅपटॉपला जोडली. डिस्क कुरकुरली, आणि सुरू झाली. आत दानियालचा खेळ होता, त्यानं शेवटचा सेव्ह करून ठेवलेला. तिनं तो उघडला.

समुद्राचा काठ. धुकं. पाठमोरा उभा, खेळातला वीर.

तिनं पुढे जायची कळ दाबली. वीर हलला नाही. सगळ्या कळा दाबून झाल्या. मग तिनं नवा खेळ सुरू करून पाहिला, तिथं वीर टणाटण उड्या मारत होता. पुन्हा दानियालचा उघडला. वाऱ्यानं वीराची कापडं हलत होती. पाय मात्र जागचे हलत नव्हते.

बिघाड असेल. बिघाडावर औषध असतंच. जुन्या खेळाच्या वेड्यांनी एक पॅच बनवलेला आहे, तो घातला की धुकं नाहीसं होतं, बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतं. तिनं तो घातला. बेट उघडलं... आणि तिला रडूच आलं. ज्या शहरापर्यंत पोचायला दोघांना अख्खा पावसाळा लागला होता ते तिथंच, ढेकूळ फेकावं इतक्या अंतरावर होतं. एवढंसंच जग होतं ते. धुक्यानं मोठं केलेलं.

सगळीकडचं धुकं गेलं होतं. फक्त वीराच्या भोवती, होडीएवढ्या जागेत, ते तसंच राहिलं होतं.

तिनं लॅपटॉप बंद केला नाही. का, ते तिलाच ठाऊक. नुसती उशी ओढून शेजारी आडवी झाली.

पहाटेच्या फजरच्या अजाननं तिला जाग आली. अजान कापसातून आल्यासारखी वाटत होती. खिडकीबाहेर काही नव्हतं, नारळ नाही, कुंपण नाही. ओल्या सुकटीचा वास तेवढा दारापर्यंत आला होता. आत भांड्यांची आदळआपट चालली होती.

"थाळी कुठं हाय?"

"अम्मी, आज नाय."

"तस्नीम. थाळी दे."

"नाय देणार! मला एकच आई हाय. तुला खाडीत घालवून मी काय करू, मीपण थाळी बडवत बसू?"

लेकीचा आवाज एवढा चढलेला म्हातारीनं कधी ऐकला नव्हता. ती हळूच पलंगाच्या कडेला टेकली. घरात एवढी शांतता झाली की पत्र्यावरून दव ठिबकताना ऐकू येऊ लागलं.

आणि तेव्हा...

टक्‌टक्. टक्.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

टक्‌टक्... टक्. लाकडावर लाकूड. ओलं. आवाज लॅपटॉपमधून येत होता.

"खेळातला असेल," तस्नीम पुटपुटली. पण तिला त्या खेळातला प्रत्येक आवाज पाठ होता, आणि हा त्यात नव्हता.

हुस्नबानू उठली, पडद्यापुढे जमिनीवर बसली. चष्मा नव्हता, डोळे बारीक करून तिनं त्या पाठमोऱ्या बाहुलीकडे पाहिलं. पाहत राहिली.

"मी खाडीवर वाजवते," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आणि हा इथं उभा..."

तस्नीमनं पिंपात हात घातला. थाळी आईच्या हातात दिली. लाटणं नव्हतं, पोळपाटाजवळचा बत्ता दिला.

हुस्नबानूनं त्या खोलीत, माजघराच्या गारठ्यात, थाळी वाजवली. दोन आणि एक.

वीर वळला. कळेला कुणाचं बोट नव्हतं. त्याचा तो लाकडी चौकोनी चेहरा समोर आला, रंगवलेले डोळे. त्यात दानियालसारखं काही नव्हतं, खरं सांगते. पण मान डावीकडे जरा कललेली होती. दानियाल ऐकताना कलवायचा तशी.

"ऐकलंस ना?" हुस्नबानू म्हणाली. आवाज फुटू दिला नाही तिनं. "लई उभा राहिलास, बाळा. पाय दुखले असतील. माझं चुकीच्या काठावर वाजवणं झालं. आता हल. अल्लाच्या हवाली. हल."

पुन्हा दोन आणि एक. तो चालू लागला. काठाकाठानं, त्या उघड्या, लहान झालेल्या बेटावर, जिथं आता कुठंही वाट चुकायला जागा नव्हती. टेकडीवर चढला आणि पलीकडे उतरला. पडद्यावर समुद्र तेवढा राहिला.

थाळी मांडीवर ठेवून हुस्नबानू म्हणाली, "मौलवीसाहेबांना निरोप धाड. दुपारच्या जोहरनंतर त्याची पढा म्हणावं."

तस्नीम लॅपटॉप बंद करायला वाकली, तेव्हा तिला दिसलं. वीर गेला होता, पण त्या जागेवरचं धुकं गेलं नव्हतं. होडीएवढं.

टक्... टक्‌टक्‌टक्.

तिचा हात तिथंच थांबला. "अम्मी, हा आपला ठोका नाय."

"नाय," हुस्नबानू म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "कुंपणापलीकडचा हाय. दोघं होते ना होडीत."

तिनं जनीचा ठोका वाजवून पाहिला. टकटक थांबली. मग पुन्हा आली, पण धुक्यातून कोणी निघालं नाही. पुन्हा वाजवला. नाही. "आईचा हात ओळखतात ही पोरं," ती शेवटी म्हणाली. "परक्या आईच्या थाळीवर कशाला निघतोय?" बाहेर ऊन आलं, धुकं फाटलं, आणि आवाज बंद पडला.

जोहरनंतर दानियालची गायबाना नमाज झाली. मोहल्ला लोटला होता. ज्यांनी तिला खुळी म्हटलं तेच पुढच्या रांगेत. हुस्नबानूनं सगळ्यांना शिरखुर्मा वाढला. मग लेकीला कुरकुर न करता म्हणाली, "चल. तुझ्या अलिबागला." तस्नीमला हायसं वाटलं. आई वाचली होती. बोचकी वहाबच्या रिक्षात गेली. थाळी मात्र हुस्नबानूनं ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतली. लॅपटॉप बंद करून, वायर काढून, पिशवीत पायाशी.

रिक्षा निघाली. लख्ख ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. जनीच्या कुलूप लागलेल्या घरासमोर बैल आडवा आला म्हणून वहाबनं ब्रेक दाबला.

पायाशी, बंद पिशवीतून, आवाज आला. टक्... टक्‌टक्‌टक्.

तस्नीमनं आईचे दोन्ही हात घट्ट धरले. वहाबनं मागं वळून विचारलं, "काय वाजतंय, चाची?"

आणि तेव्हा थाळी वाजली. हुस्नबानूच्या मांडीवर, ओढणीच्या आत. एक. आणि तीन.

हुस्नबानूचे दोन्ही हात तर लेकीच्या हातात होते.

म्हातारी घाबरली नाही. बंद दाराकडे पाहिलं, आणि लेकीला कोपरानं ढोसून पलीकडे सरकवलं, स्वतः सरकली, कडेची जागा मोकळी केली.

"ये जनी," ती म्हणाली. "बैस गो. माझा गेला, आता तुझ्याला बघू."

वहाबनं रिक्षा सुरू केली. त्या रिकाम्या बाजूचं रेक्झीन हळूहळू खाली दबलं, थकलेलं माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसतं ना, तसं.