फोटोतला उजवा हात

फोटोवरचा कागद निघाला तशी घरातली सगळी माणसं कौतुकाने पुढे सरकली... अण्णासाहेब मात्र होते तिथेच उभे राहिले. पिंपळे सौदागरच्या त्या नव्या फ्लॅटमध्ये, सोफ्यामागच्या भिंतीवर, मैत्री आणि धम्मपालच्या लग्नातला फोटो जवळजवळ माणसाएवढा होऊन लागला होता. शुभ्र साडीतली मैत्री, शेजारी धम्मपाल, आणि लेकीच्या खांद्यावर उजवा हात ठेवून उभे असलेले तिचे वडील, अण्णासाहेब. त्या हाताला पाचही बोटं होती.

खऱ्या हाताला दोनच होती. मैत्री इंजिनिअरिंगला असताना ते चाकणच्या कारखान्यात शिफ्ट संपल्यावरही ओव्हरटाइमला थांबत, तेव्हाच कधीतरी बाकीची तीन बोटं प्रेस मशिनखाली गेली होती. पण तो हात त्यांनी कधी लपवला नव्हता. त्याच हाताने ते निगडीच्या मंडईत भाजी निवडत, विहारात भेटेल त्याचा हात हातात घेत.

ते फोटोजवळ गेले, बराच वेळ पाहत राहिले, "छान आलाय," एवढंच म्हणाले आणि बसची वेळ झाली म्हणून चहाही न घेता निघाले.

ती बोटं कुठून आली हे फक्त मैत्रीला ठाऊक होतं... मोठी प्रिंट काढायची म्हणून स्टुडिओत तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा अण्णांचा हात पडद्यावर ताटाएवढा दिसू लागला होता, आणि ऑफिसमधली माणसं घरी येतील, बघतील, विचारतील, या विचाराने तिनेच विचारलं होतं, की हा हात नीट करता येईल का. कुणी सुचवलं नव्हतं. धम्मपाललाही तिने सांगितलं नव्हतं. अण्णांनाही बरंच वाटेल, अशी मनाची समजूत घालून तिने तोच फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवरही पाठवला होता.

पुढे मैत्रीला मुलगी झाली. नामकरणाला दोन्हीकडची माणसं जमली, सोहळा आनंदात पार पडला. फोटोग्राफरने सगळे फोटो मूळ आकारात पाठवले, आणि एका दुपारी बाळ झोपल्यावर मैत्री ते एकेक करून मोठे करून पाहू लागली. जेवणाच्या फोटोत अण्णा डाव्या हाताने, चमच्याने खात होते. पाळण्याजवळ ते सगळ्यांच्या मागे होते, उजवा हात खिशात. वंदनेला सगळ्यांनी हात जोडले होते, आणि अण्णांच्या जोडलेल्या हातांवर रुमाल टाकलेला होता... तिने तो रुमाल मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला, मग सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले. एकाही फोटोत त्यांनी नातीला उचलून घेतलेलं नव्हतं.

बाळाला घेऊन ती तशीच निगडीला गेली. दारातच आईने, जाईबाईंनी, इतके दिवस पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. तुझ्याकडनं तो फोटो बघून आल्यापासनं असंच चाललंय, बाहेर जायला नको म्हणतात, पोरीला चारचौघांत मान खाली घालायला नको म्हणतात.

अण्णासाहेब आतल्या खोलीत पेपर वाचत होते. तिला पाहताच त्यांचा उजवा हात पेपरखाली गेला.

"अण्णा, फोटोतली बोटं मीच लावायला सांगितली. दुसऱ्या कुणी नाही."

पेपर तसाच मांडीवर धरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, सासरच्यांनी सांगितलं असंल," ते म्हणाले. "तुला तिथं त्रास नको म्हणून गप्प बसलो. तसंच असतं तर बरं झालं असतं, मैत्री."

तिला वाटलं, अण्णांनी ओरडावं, हाकलून द्यावं... पण ते हळू आवाजात बोलत राहिले.

"बोटं गेली तवा मला वाईट वाटलं न्हाई. तू शिकत होतीस. पण तो फोटोतला माणूस बघितला, आणि बसमध्ये सारखं मनात येत राहिलं, पोरीला असा बाप पाहिजे होता."

मैत्री त्यांच्या पायाशी बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून तिने फोन काढला, लग्नातला तो मूळ फोटो शोधला, आणि त्यांच्यासमोरच ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, 'आधीचा फोटो मी बदलून घेतला होता. माझे अण्णा हे आहेत. घरातही आता हाच लागेल.' तिने ते वाचून दाखवलं. अण्णासाहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि दाराकडे वळून जाईबाईंना चहा टाकायला सांगितला.

एवढ्यात गादीवर झोपलेलं बाळ जागं होऊन रडू लागलं. अण्णासाहेब चटकन वाकले... आणि दोन्ही हात पुढे केलेले, तसेच मध्येच थांबले. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"घेऊ?" त्यांनी विचारलं.

स्वतःच्या नातीला उचलायची परवानगी ते मागत होते. तिने बाळ उचलून त्यांच्या हातांत दिलं. ते रडायचं थांबलं, अण्णा हसले, त्यांनी क्षमा केली होती हे तिला कळत होतं... पण 'घेऊ?' हा एक शब्द तिच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.