घासलेली पेनी

बसा त्या स्टुलावर. बूट काढून द्या इकडे, टाच बसवेपर्यंत एक गोष्ट सांगतो. नाण्याची आहे. मला नाण्यातलं काही कळत नाही, मी आपला खिळ्या-चामड्याचा माणूस, म्हणजे तुम्हालाही समजेलच. फक्त गोष्टीतल्या बाईचं नाव आधीच सांगून ठेवतो. एनिड. नीट धरून ठेवा, कारण पुन्हा मी ते घेणार नाही.

समोरचा गाळा बघा, हिरव्या दिव्याचा. तो क्लिफर्ड बॅमबरचा. चाळीस वर्षं झाली, फ्लीटवुडच्या या बाजारात तो जुनी नाणी घेतो आणि विकतो. नाणं हातात आलं की आधी बघत नाही. डोळे मिटतो, कडेवरून अंगठा फिरवतो. मग लाकडावर हलकेच टाकून आवाज ऐकतो, मग काट्यावर ठेवतो, आणि भिंग सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा भिंगाची गरजच पडत नाही.

ट्रामचा ड्रायव्हर टॅटरसल आहे ना, त्याला रिटायर होताना नाण्यांचा नाद लागला. एकदा आला मोठं चांदीचं नाणं घेऊन, छाती फुगवून.

"खोटं आहे, साच्यात ओतलेलं," क्लिफर्ड म्हणाला.

"विकणारा म्हणाला, राणीच्या काळातलं आहे, एकदम खास."

"गालावरचे हे बुडबुडे बघ. राणीला देवी आल्या होत्या का रे?"

आम्ही सगळे हसलो. टॅटरसलही हसला, पण जरा उशिरा.

पण खोट्या नाण्याचा क्लिफर्डला राग नव्हता. राग होता घासलेल्या नाण्याचा. तो म्हणायचा, खोटं नाणं निदान कुणाला तरी फसवायला जन्माला आलेलं असतं. घासलेलं नाणं बिचारं खरं असतं, आणि तरी मेलेलं. शंभर वर्षं माणसांच्या हातांनी, खिशांनी, धुरानं जो तपकिरी रंग चढतो, ती त्याची कातडी. कुणीतरी हौसेनं पॉलिश लावतं आणि ती सोलून काढतं. मग उरते नव्या तपेलीसारखी गुलाबी चकाकी, आणि भिंगाखाली केसासारखे बारीक ओरखडे. ते ओरखडे जन्मात जात नाहीत.

तसं एक नाणं तो गाळ्यावरच ठेवायचा, शिकाऊ लोकांना दाखवायला. व्हिक्टोरिया राणीची १८६९ सालची पेनी. ती त्याच्या बापाची.

बाप मासेमारीच्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. बसच्या सुट्ट्या पैशांत त्याला ती पेनी मिळाली होती. दर्यावर निघताना तो ती घड्याळाखाली ठेवून जायचा, परत येऊन उचलायला. घरी नाणं ठेवलं की दर्याला माणूस परत करावा लागतो, असं आमच्याकडे मानतात. आणखी एक मानतात. माणूस निघाला त्या दिवशी घरात काही धुवायचं नाही. कपडे नाहीत, कप नाही, काही नाही. धुतलं तर माणूस धुऊन जातो. क्लिफर्डच्या आईनं कधी बशीसुद्धा विसळली नाही. तरी एका जानेवारीत बोट आली नाही. पेनी घड्याळाखाली राहिली. बापाच्या अंगठ्यानं काळसर तपकिरी झालेली. क्लिफर्ड अकरा वर्षांचा होता.

त्याची बायको बर्नलीकडची, दर्यापासून लांब, गिरणीवाल्यांची पोर. दर्याचं हे शास्त्र तिला कुणी शिकवलंच नव्हतं. क्लिफर्डच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, रविवारी, तिनं घड्याळाखालची ती काळी पेनी घेतली, पितळेचं पॉलिश आणि जुना दातांचा ब्रश घेतला, आणि दुपारभर घासून लखलखीत करून त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

तो म्हणाला, "तू माझा बाप दुसऱ्यांदा धुऊन टाकलास."

बास, एवढंच. पुढे तीन आठवडे तेवढंही बोलला नाही.

त्यानंतर तिनं कधी नाण्याला हात लावला नाही. पण गाळ्यावर यायची. चहा करायची, पार्किन म्हणजे काकवी घातलेला आल्याचा केक आणायची, स्वतः विणलेल्या लाल उशीवर बसून चिठ्ठ्या लिहायची. प्रत्येक नाण्याच्या पाकिटात एक चिठ्ठी असते बघा, साल, वजन, कुठून आलं ते. सगळ्या तिच्या अक्षरात. तिचा नऊ गोगलगायीसारखा असायचा. आणि तिच्याच चिठ्ठीसकट ती पेनी दाखवत क्लिफर्ड गिऱ्हाइकांना सांगायचा, "अडाणी हात लागले की असं होतं." तीस वर्षं. ती मागेच असायची. फक्त चहा जरा जास्त वेळ ढवळत राहायची.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती गेली. आजार तीन आठवड्यांचा. मातीला जाऊन आल्यावर क्लिफर्ड इथेच बसला, तुम्ही बसलाय तिथे.

म्हणाला, "तो रविवार झालाच नसता तर बरं होतं रे."

मी म्हणालो, "हो." असं म्हणतोच की आपण, माणूस गेल्यावर.

मे महिन्यात टॅटरसल आला, नवं काहीतरी दाखवायला. क्लिफर्डनं त्याच्या पुढ्यात पेनी ठेवली. "हे बघ, घासलेलं कसं ओळखायचं. राणीच्या गळ्यावर ओरखडे दिसतात का?"

टॅटरसलनं भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिला. "नाही दिसत."

"चष्मा पूस."

"तूच बघ की."

क्लिफर्डनं बघितलं. गळ्यावर ओरखडे नव्हते. तिथली गुलाबी चकाकीही नव्हती, मऊ तपकिरी होती.

त्याला वाटलं, कुणीतरी पेनी बदलली. कडेला एक खाच होती, बापाच्या चाकूची. ती जागच्या जागी होती. मग वजन. चिठ्ठीवर ९.३१ ग्रॅम. काटा दाखवत होता ९.३४. त्यानं काटा तपासला, मग सोनाराच्या काट्यावर नेलं. तिथेही तेच. नाणं जुनं होताना झिजतं. भरून येत नाही.

हे त्यानं तेव्हा कुणाला सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मनातून तो सुखावला होता. दर आठवड्याला तपकिरी पुढे सरकत होती, आधी कड, मग खांदा, मग केस. ऑगस्टमध्ये तर मुठीत धरली की कोळशाचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा. बाप घरी आल्यावर यायचा तसाच. चौसष्ट वर्षांनी.

चिठ्ठ्यांकडे त्याचं लक्ष उशिरा गेलं. पहिली कोरी झाली ती पेनीचीच. त्याला वाटलं, शाई हलकी असेल. मग शिलिंगांच्या पाकिटांतल्या. मग सगळ्याच फिकट. एक दिवस स्टुलावर लाल उशी नव्हती. चोरून कोण नेणार ती? त्यानं लाकडावर हात फिरवला. तीस वर्षं कुणी बसल्याची झीज असते ना, ती नव्हती. स्टूल नवंकोरं.

घरी दाराजवळ दोन खुंट्या होत्या, एक त्याची, एक तिची. एकच राहिली. दुसरीचं भोकही नव्हतं भिंतीत.

ती त्याला लाडानं कशी हाक मारायची, ते एका सकाळी त्याला आठवेना.

तो शनिवार होता. तो सरळ मॅविसच्या चीजच्या गाळ्यावर गेला. मॅविस म्हणजे त्याच्या बायकोची जिवाभावाची मैत्रीण. दर बुधवारी दोघी तासभर गप्पा छाटायच्या.

"मॅविस, माझी बायको पार्किनमध्ये काय घालायची गं?"

मॅविस हसली. "आता कुठली बायको काढलीस? म्हातारचळ लागला का तुला?"

"थट्टा नको करूस."

"थट्टा तूच करतोयस. माझ्या बहिणीचं स्थळ सुचवलं होतं तुला, तेव्हा लाजून पळालास. नाहीतर आज झाली असती की बायको."

तिच्या डोळ्यांत खोटं काही नव्हतं. खोटं ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

तिथून तो माझ्याकडे आला आणि मलाही तेच विचारलं म्हणे. मी काय उत्तर दिलं, ते तोच सांगतो. मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारच्या उन्हात तो स्वयंपाकघरात भिंग घेऊन बसला. पेनी जवळजवळ पूर्ण झाली होती. बापाच्या खिशातून आत्ता काढल्यासारखी. फक्त राणीच्या अंबाड्यामागे मसुरीच्या दाण्याएवढा गुलाबी ठिपका राहिला होता.

त्यात तीन ओरखडे.

तेवढंच राहिलं होतं तिचं.

तो तसाच बसून राहिला. ऊन टेबलावरून खाली उतरलं.

मग उठला. मोरीखालून पॉलिशचा डबा काढला. जुना ब्रश काढला. ज्या माणसानं चाळीस वर्षं जगाला सांगितलं की नाणं घासू नका, ज्याच्या आईनं कधी बशी विसळली नाही, तो.

"बाबा, माफ करा," म्हणाला.

आणि घासायला लागला.

फडकं काळं झालं. कोळशाचा, ओल्या लोकरीचा वास एकदाच घरभर उठला आणि गेला. मग नुसता पॉलिशचा वास.

त्याच्या पाठीमागे कुणीतरी कपात चमचा ढवळत होतं. जरा जास्त वेळ.

त्यानं मागे वळून बघितलं नाही.

मंगळवारी बाजार उघडला. चिठ्ठ्यांवर फिकट अक्षर होतं, गोगलगायीसारखे नऊ. स्टुलावर उशी होती. मॅविस चहा घेऊन आली आणि दोन कप ठेवून गोंधळली. "दुसरा कुणाला रे आणला मी? हात आपोआप गेला." जाता जाता दोन पावलांवर थांबली. तोंडावर हात ठेवला. "काकवी. आणि जाडे ओट. पार्किनमध्ये. तू विचारत होतास ना." मग चीजच्या गाळ्यामागे जाऊन बराच वेळ रडली. आत्ताच कुणी गेल्यासारखी.

पण तपकिरी परत चढते. शनिवारपर्यंत कडेवर दिसायला लागते. म्हणून तो दर रविवारी घासतो. गेली दोन वर्षं, एक रविवार चुकवला नाही. आता राणीचं नाक गेलंय. अंबाडा गेलाय. सालातले अठरा तेवढे लागतात. बापाची ती खाचही गुळगुळीत झाली. वजन तो दर आठवड्याला घेतो आणि वहीत मांडतो, म्हणजे किती रविवार उरले ते त्याला ठाऊक असणार. मी विचारत नाही.

शिकाऊ लोकांना तो अजूनही ती पेनी दाखवतो. कुणी विचारलं, ही कुणी घासली, तर म्हणतो, "माझ्या बायकोनं. माझ्या वाढदिवसाला. फार मायेनं." आणि तिचं नाव घेतो. आधी झटकन घ्यायचा. आता जरा थांबतो.

हा घ्या तुमचा बूट. टाच पक्की बसलीय.

गेला रविवार चुकला त्याचा. छातीत कफ झालाय, अंथरुणावरून उठवत नाही. म्हणून आज गाळा बंद आहे. मी संध्याकाळी जाणार आहे त्याच्याकडे, पॉलिशचा डबा आणि ब्रश कुठे असतात ते मला माहीत आहे.

जायच्या आधी एक काम करा माझं. ती वरची फळी बघा. बायकी बूट आहेत, तपकिरी, टाचा मीच नव्या लावलेल्या. माझं काम मी ओळखतो. प्रत्येक जोडीला मी नावाची चिठ्ठी बांधतो, चुकत नाही. सकाळी बघितलं, तर या जोडीची चिठ्ठी कोरी. कुणाचे आहेत, मघापासून आठवतोय.

सुरुवातीला मी तुम्हाला एक नाव दिलं होतं ना?

हे पेन घ्या. तेवढं लिहून द्या त्या चिठ्ठीवर.