राजकन्येची एक ओळ

वाऱ्यावर उडालेला एक कागद सपकन माझ्या तोंडावर बसला आणि त्याच्यामागे धावत आलेला माणूस थेट माझ्या पायावर!

“धरा, सोडू नका! तिसरा अंक आहे तो!”

“आणि हा माझा पाय आहे. काढा आधी!”

तो हसला. अँब्रोज टॅरंट! त्यानं लिहिलेली दोन नाटकं गाजलेली, एक सपशेल पडलेलं. नदीच्या या काठावर त्याला कोण ओळखत नव्हतं? पण इतक्या जवळून... देवा, काय डोळे होते!

तो आमच्याच घरी निघाला होता. माझे बाबा नाटकमंडळीचे लेखनिक. आमच्याकडे अख्खं नाटक कुठल्याच नटाला देत नाहीत, नाहीतर उद्या शेजारच्या नाटकघरात तेच लागायचं! ज्याला त्याला फक्त आपापली वाक्यं, आणि खूण म्हणून आधीच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द, एका लांब पट्टीवर लिहून गुंडाळी करून द्यायची. दोन वर्षांपासून बाबांचे हात थरथरत होते. गुंडाळ्या मीच लिहीत होते, पण चोरून. मंडळीला कळलं तर बाबांचं काम जाणार होतं.

चालता चालता मी कागदावर नजर टाकली. हरलेला राजपुत्र विचारतो, राज्य गेलं, आता माझ्यात उरलं काय? त्यावर राजकन्या वीस ओळी बोलते आणि बेशुद्ध पडते.

“ही पडते कशानं?”

“प्रेमानं!”

“वीस ओळी बोलून? एवढा दम कुठून आणला हिनं?”

“तुम्ही पडलाय कधी... प्रेमात?”

“बेशुद्ध तरी नाही पडले,” मी म्हटलं, पण कान तापले होते.

मग तो रोज येऊ लागला. कधी “एक शब्द बदलायचा राहिला” म्हणून, कधी टोपीत चेरी घेऊन. बाबांशी बोलताना त्याची नजर माझ्या शाईच्या बोटांवर रेंगाळायची आणि मी हात पाठीमागे लपवायचे.

“एव्हिस, अजून राग आहे का त्या वीस ओळींवर?”

“राग कसला? कीव येते.”

“मग तुम्ही काय म्हणाला असता?”

मी पाठीमागचे हात आणखी घट्ट धरले. सांगितलं असतं तर सगळंच सांगून झालं असतं...

त्या संध्याकाळी राजकन्येची गुंडाळी लिहायला घेतली आणि माझी मतीच फिरली. त्या वीस ओळी मी गाळल्या. तिथं एकच लिहिली, आणि राजपुत्राच्या गुंडाळीतली खूणही तशीच बदलली. तालमीत नुसत्या तलवारी आणि नाच; वाक्यं ज्यानं त्यानं घरीच पाठ करायची. कुणाला पत्ता लागणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी नाटकघरावर खेळाचा झेंडा चढला, तीनदा तुतारी झाली. मी खाली गर्दीत उभी होते. अँब्रोज खांबाला टेकून ओठांतल्या ओठांत आपलंच नाटक म्हणत होता.

राजपुत्रानं विचारलं, “आता माझ्यात उरलं काय?”

राजकन्या झालेला पोरगा पुढे आला. “तू उरलास. मी तेवढ्यासाठीच आले होते.”

अँब्रोजचे ओठ थांबले. अख्ख्या नाटकघरात असा गलका उठला की छपरावरची कबुतरं उडाली! गर्दीतले खाटीकसुद्धा डोळे पुसत होते. अँब्रोज मात्र गर्दी रेटत सरळ माझ्याकडे आला.

“ही ओळ माझी नाही.”

“बाबांचा काही दोष नाही हो! ते सगळं मीच...”

“तुमच्या बाबांचे हात थरथरतात, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. कुणी बोलत नाही, इतकंच. अक्षर सुरेख आहे ना!” तो धापा टाकत होता. “मला एवढंच सांगा, एव्हिस... ती ओळ कुणासाठी लिहिलीत?”

आता लपवायला काही राहिलंच नव्हतं.

“तुमच्यासाठी.”

“गप्प बसा की मेल्यांनो!” शेजारची बाई खेकसली. “नाटक बघू द्या!”

आम्ही गप्प बसलो. तोवर त्यानं माझा हात हातात घेतला होता. उरलेलं सगळं नाटक मी माझ्याच हातानं उतरवलं होतं, पण त्या दुपारी पुढे रंगमंचावर काय झालं, ते मला आजही आठवत नाही.