नादमणी आणि मिश्रीची डबी

सकाळी गजराबाई तांब्या घेऊन दवाखान्यामागच्या ओट्यावर बसल्या, आणि आत पडद्यावर त्यांच्या काळजाची रक्तवाहिनी आवळत गेली.

डॉक्टर शमीम मुजावर पडद्यासमोर चहा पीत होत्या. कप हातातच राहिला.

दोन दिवसांनी गजराबाईंची छाती उघडायची ठरली होती. शहरात रक्तात रंग सोडून फोटो काढला, त्यात एक वाहिनी मध्येच बारीक दिसली. पण तसा फोटो म्हणजे सावली. वाहिनीची भिंत कशी आहे, हे सावलीत कळत नाही. म्हणून तालुक्याच्या या दवाखान्यात काल त्यांच्या मनगटातून नादमणी सोडला होता. खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान. कानाला ऐकू न येणारा आवाज तो करतो, भिंतीवरून परत आलेला नाद टिपतो आणि त्यावरून आतलं चित्र बाहेर पाठवतो. पूर्वी हेच काम बारीक नळीच्या टोकावरून होई, पण माणसाला टेबलावर निजून राहावं लागे. मणी आत असला तरी माणूस हिंडतो फिरतो.

रात्रभर चित्र गोल होतं. भिंत पातळ, चरबीचा थर कुठंच नाही. मग आत्ताच काय झालं?

शमीम मागच्या दाराकडे धावल्या.

गजराबाईंचं बोट तोंडात होतं, ओठ काळे झाले होते. डावा हात छातीवर. शेजारी त्यांची धाकटी जाऊ तानूबाई बसली होती.

"मावशी, दुखतंय?"

"रोजचंच हाय. मिश्री लावली की जरा धरतं, मग सुटतं."

शमीमनी आधी चूळ भरायला लावली आणि जिभेखाली गोळी ठेवली. मग विचारलं, "तंबाखूचं विचारलं तेव्हा नाही म्हणालात ना?"

"न्हाईच खात. तंबाखू गडी खात्यात. आम्ही दात घासतो."

"मिश्री कशाची करता?"

"तव्यावर भाजून," तानूबाई म्हणाली.

"काय भाजून?"

दोघी जावा एकमेकींकडे बघू लागल्या.

"तंबाखू," गजराबाई हळूच म्हणाल्या.

आत पडद्यावर वाहिनी पुन्हा गोल होत होती. शमीमनी दोघींना आत आणून समोर बसवलं. "भिंत साफ आहे. वाहिनी तुंबलेली नाही, तंबाखूनं ती आवळते. फोटो काढायच्या दिवशीही सकाळी घासले होते दात?"

"मग काय, पारोशा तोंडानं जायचं व्हय शहरात?"

शमीमना हसू आवरलं नाही. "शहरातल्या डॉक्टरांना हे चित्र पाठवते. छाती उघडायची गरज दिसत नाही. मिश्री बंद, गोळी चालू."

गजराबाईंनी पदर तोंडावर ओढला. खांदे हलले. तानूबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"मणी महिनाभर राहू द्या," शमीम म्हणाल्या. "अजून कशानं आवळते ते कळेल. भीतीनं, रागानंही आवळू शकते."

गजराबाईंनी डोळे पुसले. "म्हंजे ही माझ्याशी भांडली, तर तुमाला हितं दिसंल?"

"दिसेल कदाचित."

तानूबाईनं हात काढून घेतला. कमरेची स्वतःची मिश्रीची डबी काढून टेबलावर ठेवली.

"मग मलाबी एक मणी घाला, डाक्टरबाई," ती म्हणाली. "बघू तरी, आजवर कुणी कुणाचं काळीज आवळलं?"