ओर्नेलाला हवं असलेलं घड्याळ

त्या जुन्या क्रोनोग्राफ घड्याळावर दोन हात एकदमच पडले. एक मिरेयचा. दुसरा कुणाचा, ते बघायला तिनं मान वर केली... आणि बघतच राहिली.

"मी आधी पाहिलं," ती म्हणाली.

"पण मी आधी पकडलं. आणि आता तुमचा हातही हातात आलाय, सोडवत नाहीये."

स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों गावी, जुन्या घड्याळांच्या बाजारात, इतकं आगाऊ तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. मिरेय शाळेत भूगोल शिकवायची आणि उरलेला जीव जुन्या क्रोनोग्राफांवर टाकायची. एक खटका दाबला की काटा पळत सुटतो, दुसरा दाबला की गुमान शून्यावर येऊन उभा राहतो – या खेळाचं तिला लहानपणापासून वेड. आणि हा आगाऊ यान होता बेकरीवाला, पण वेड तेच. घड्याळ शेवटी तिनं नेलं, आणि त्यानं तिचे रविवार.

पिठानं माखलेल्या त्याच्या गाडीतून दोघं गावोगावचे बाजार पालथे घालू लागले. काचेवर पाऊस टपटपायचा, एकाच भिंगातून दोघं एकच तबकडी न्याहाळायचे, गालाला गाल लागेल इतक्या जवळून... आणि नेमका तेव्हाच यान म्हणायचा, "ओर्नेलाकडे अशीच आहे. हिच्याहून देखणी."

ओर्नेला मिलानची. तीही क्रोनोग्राफ जमवणारी.

"तुझी कोण ती?"

"जुनी मैत्रीण."

"जुनी म्हणजे?"

"जुनी म्हणजे... जुनी."

मिरेय तोंड फिरवायची. ती खिडकीबाहेरच्या गाई मोजत बसायची.

वसंतात जवळच्या नशातेल शहरात घड्याळांचा लिलाव होता. ओर्नेला आली – हिरवा कोट, घोगरा गोड आवाज. यानच्या गालांवर तिनं तीन पाप्या दिल्या. इथे तशी रीतच आहे. पण तिसरी जरा रेंगाळली, हे मिरेयच्या नजरेतून सुटलं नाही.

"ते काळ्या तबकडीचं बघ," ओर्नेला यानला सांगत होती. "बाबांकडे अगदी असंच होतं. विमान चालवायचे तेव्हा. कधीपासून शोधतेय... माझ्या शेजारी बस ना आज. तू असलास की माझं नशीब उघडतं."

आणि यान बसला!

मिरेय मागच्या रांगेत. बोली सुरू झाली तसा तिचा हात आपोआप वर गेला. ओर्नेलानं बोली वाढवली, हिनं आणखी वाढवली. ओर्नेलानं मागे वळून पाहिलं. हिनं डोळ्याला डोळा भिडवला आणि पुन्हा हात वर केला. शेवटी हिरव्या कोटातला हात हळूच मांडीवर गेला. हातोडा पडला, घड्याळ मिरेयचं झालं.

यान धावत मागे आला. "तुला तर काळी तबकडी आवडत नाही!"

"नाहीच आवडत."

"मग?"

"तिला मिळू द्यायचं नव्हतं." "जळते मी तिच्यावर, यान. तू तिचं नाव घेतोस ना... तेव्हा मला तुझ्या गाडीतून उडी मारावीशी वाटते. कळलं आता?"

तिथून ओर्नेलाची पाठ दिसत होती. ती पर्समध्ये रुमाल शोधत होती, उगाचच बराच वेळ. ते पाहिलं आणि मिरेयला स्वतःचीच लाज वाटली. कुणाच्या बाबांची आठवण आपण हिसकावून घेतली? तीही, कुणी कुणाशेजारी बसलं म्हणून?

ती घड्याळ घेऊन सरळ पुढे गेली.

"घ्या. माझ्या बोलीच्याच किमतीत घ्या. चुकलं माझं."

ओर्नेलानं घड्याळ कानाशी धरलं, डोळे मिटून ऐकलं. मग तिनं एक डोळा उघडला. "आणि यान?"

"तो मिळणार नाही!" मिरेय एवढ्या मोठ्यानं म्हणाली की अख्खं सभागृह वळून बघायला लागलं.

ओर्नेला हसली, पण जरा ओलं हसली. "मला तो कधीच मिळणार नव्हता, पोरी. फोनवर तासभर तुझंच पुराण लावतो. मला काय कमी जळवलंय त्यानं?"

यान मागे कानापर्यंत लाल झाला होता. "बोली लावायच्या आधी मला कुणी विचारायचं की नाही?"

"विकायला ठेवलेली वस्तू कधी बोलते का?" मिरेय त्याच्याजवळ येत म्हणाली.

"मग मी गप्प बस—"

पुढचं त्याला बोलताच आलं नाही. मिरेयनं त्याचं तोंड मोकळं ठेवलंच नव्हतं.